आठ आर्जिनीनांचे पेप्टाइड पेशीत शिरलेले दिसते, पण जनुक काम करत नाही: पेप्टाइडमध्ये कोणता बदल करावा?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका लहान प्रयोगशाळेत एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. विषाणू न वापरता आणि बाजारात मिळणारे मेदयुक्त अभिकर्मकही टाळून, केवळ पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या आधाराने प्लाझ्मिड डीएनए (जनुक वाहून नेणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) पेशीत पोहोचवता येतो का, हे पाहायचे आहे. त्यासाठी आम्ही आर्जिनीन या धनभारित अमिनो आम्लाची आठ एककांची साखळी बाहेरून बनवून घेतली. तिच्या एका टोकाला ॲसिटिल आणि दुसऱ्या टोकाला अमाइड आहे. हेच पेप्टाइड थोड्या प्रमाणात फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग जोडूनही मागवले होते.

प्रयोग हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) चालू आहे. प्लेट 12 कप्प्यांची असून दर कप्प्यात 1 मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड टाकते. प्लाझ्मिड सुमारे 4.7 किलोबेसचे आहे आणि त्यावर हिरव्या प्रथिनाचे, म्हणजे जीएफपीचे जनुक आहे. पेप्टाइडमधील धनभार आणि डीएनएमधील फॉस्फेट यांचे प्रमाण, म्हणजे एन/पी, मी 5 ठेवले आहे. ॲगरोज जेलवर मोकळा डीएनए विजेने पुढे सरकतो, पण हा खाचेतच अडकून राहतो, त्यामुळे पेप्टाइड आणि डीएनए यांचे संयुग बनते याबद्दल मला शंका नाही. फ्लुओरेसीनवाले पेप्टाइड देऊन चार तासांनी पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पेशी उजळलेली दिसली, इतकेच नव्हे तर केंद्रकही उजळलेले होते. मात्र बिनरंगाचे पेप्टाइड आणि प्लाझ्मिड देऊन 48 तासांनी पाहिले, तर संपूर्ण कप्प्यात हिरव्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या. त्याच दिवशी, त्याच प्लाझ्मिडला मेदयुक्त अभिकर्मक लावला तर अर्ध्याहून अधिक पेशी हिरव्या झाल्या, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये दोष नाही.

आमच्याकडे आता आणखी एकाच पेप्टाइडच्या संश्लेषणापुरते पैसे आहेत. मार्गदर्शक म्हणतात की टोकाला स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल जोडावे. एका सहकाऱ्याच्या मते हिस्टिडीन हे अमिनो आम्ल घालावे. मला स्वतःला वाटते की केंद्रकाकडे नेणारा संकेतक्रम जोडावा, कारण पेशीत तर ते शिरतेच आहे. यांपैकी काय निवडावे?

खारघरची पेशीशाळा

आपण शेवटी लिहिलेले वाक्य, "पेशीत तर ते शिरतेच आहे", हे अजून सिद्ध झालेले नाही, असे मी नम्रपणे सुचवतो. आपण पेशी स्थिर करून पाहिल्या आहेत, आणि या क्षेत्रातील जुनी चूक नेमकी तिथेच झाली होती.

1988 साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की एचआयव्हीचे टॅट हे प्रथिन बाहेरून दिले तरी पेशीत शिरते. 1994 मध्ये फळमाशीच्या एका प्रथिनातून 16 अमिनो आम्लांचे पेनेट्रॅटिन वेगळे काढले गेले. त्यानंतर अनेक वर्षे असे मानले जात होते की ही पेप्टाइडे पेशीपटल थेट भेदून आत जातात, आणि ऊर्जेची त्यांना गरजच पडत नाही, कारण 4 अंश सेल्सियसलाही ती आत दिसत असत. 2003 साली हे चित्र बदलले. धनभारित पेप्टाइडे ऋणभारित पेशीपृष्ठाला घट्ट चिकटून बसतात, नुसते धुऊन निघत नाहीत, आणि सौम्य स्थिरीकरण केले तरी पटलाची अखंडता जाऊन हे चिकटलेले पेप्टाइड पेशीभर व केंद्रकात पसरते, असे दिसून आले. त्याच पेशी जिवंत अवस्थेत पाहिल्या तर मात्र ठिपके दिसतात, म्हणजे बहुतेक पेप्टाइड एंडोसोमच्या (पेशी बाहेरचा माल गिळते तेव्हा बनणाऱ्या) पिशव्यांत अडकलेले असते. आपल्याला दिसलेले उजळ केंद्रक बहुधा पॅराफॉर्मल्डिहाइडची करामत आहे.

आता प्रयोग असा करून पाहा. पेशी स्थिर करू नका. माध्यम काढून हेपॅरिन या ऋणभारित शर्करेच्या द्रावणाने धुवा, म्हणजे पृष्ठावरचे पेप्टाइड हेपॅरिनला चिकटून सुटेल. मग ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर देऊन पेशी सोडवा. आर्जिनीननंतरचा बंध तोडणे हे ट्रिप्सिनचे कामच असल्यामुळे बाहेर उरलेसुरले पेप्टाइडही कापले जाईल. त्यानंतर जिवंत पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारे यंत्र) मोजा, आणि वेगळ्या प्लेटमधल्या चिकटलेल्या जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे. आपण रंग पेप्टाइडला लावला आहे, डीएनएला नाही. एन/पी 5 असताना बरेचसे पेप्टाइड डीएनएला न बांधता मोकळेच फिरत असते आणि ते एकटेही पेशीत जाते. त्यामुळे जे उजळले ते सामान नव्हे, रिकामा हमाल असू शकतो. प्लाझ्मिडला रंग लावण्याचे संच मिळतात. एकदा डीएनएवर रंग लावून पाहाच.

तिसरी चाचणी स्वस्त आहे. एका कप्प्यात संयुगाबरोबर 100 मायक्रोमोलर क्लोरोक्विन घाला, चार तासांनी माध्यम बदला आणि 48 तासांनी जीएफपी मोजा. क्लोरोक्विन एंडोसोममध्ये साठून त्या पिशव्या फुगवते आणि फोडते. त्याने जीएफपी वाढला, तर डीएनए आत पोहोचतो पण पिशवीत कोंडला जातो, असा अर्थ होतो. न वाढल्यास अडचण त्याच्या आधी किंवा नंतर शोधावी लागेल. नुसत्या क्लोरोक्विनचा कप्पा सोबत ठेवायला विसरू नका, कारण ते पेशींना मानवत नाही.

नौपाड्याचे काका

मी पेप्टाइड बनवण्यात हयात घालवली, पेशींमधले मला फारसे कळत नाही. तरीही मुली, तुझे एन/पी 5 मला 5 वाटत नाही. पावडर कशी तोललीस ते आधी सांग.

बाहेरून बनवून आलेले पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाच्या क्षाराच्या रूपात येते, कारण रेझिनवरून, म्हणजे साखळी जिच्यावर बांधतात त्या घन आधारावरून, ते सोडवतात त्या आम्लात आणि शुद्धही करतात त्याच्याच सान्निध्यात. प्रत्येक धनभारापाशी त्या आम्लाचा एकेक रेणू बसलेला असतो. इतर पेप्टाइडांत एकदोन रेणूंनी बिघडत नाही, पण तुझ्यात आठ धनभार आहेत. तुझ्या पेप्टाइडचा रेणूभार सुमारे 1309. आठ रेणू आम्लाचे, प्रत्येकी 114, म्हणजे 912. बेरीज 2221. याचा अर्थ कुपीतल्या 1 मिलिग्रॅम पावडरीत पेप्टाइड 0.59 मिलिग्रॅमच आहे, आणि तेही पावडर कोरडी असेल तर.

आता तुझ्या कप्प्याचा हिशोब करू. एका न्यूक्लिओटाइडचा सरासरी भार 330 धरला तर 1 मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे 3 नॅनोमोल फॉस्फेट येते. एन/पी 5 हवे तर 15 नॅनोमोल धनभार लागतात, म्हणजे 1.9 नॅनोमोल पेप्टाइड. ते 1309 ने गुणून तू जवळपास 2.5 मायक्रोग्रॅम पावडर घेतली असशील, तर प्रत्यक्षात पेप्टाइड 1.1 नॅनोमोलच गेले आणि एन/पी 3 च्याही किंचित खाली राहिले. खरे 5 हवे असेल तर पावडर 4.2 मायक्रोग्रॅमच्या आसपास लागेल. जेल हे पकडणार नाही, कारण एन/पी 2 किंवा 3 लाही डीएनए खाचेतच बसून राहील.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. ही पावडर हवेतले पाणी आधाशासारखी ओढते. जुलै महिन्यात फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली तर आत दव धरते आणि पांढरा कापूस असतो त्याचा काचेला चिकटलेला पारदर्शक डिंक होतो. मी हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे आणि दोनदा माझ्याच हातून झाले आहे. कुपी डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच झाकण उघडावे. शक्य तर एकदाच सगळी विरघळवून छोट्या छोट्या वाटण्या करून गोठवाव्यात, म्हणजे पुन्हापुन्हा तोलण्याचा प्रश्नच राहत नाही.

280 नॅनोमीटरवर शोषण घेऊन खात्री करीन म्हणशील तर तेही जमायचे नाही, कारण या साखळीत ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसीनही नाही. बनवून देणाऱ्याकडे निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण विचारून घे. शुद्धतेचा आकडा ही वेगळी गोष्ट आहे. 95 टक्के शुद्ध असलेल्या पेप्टाइडच्या कुपीतही निम्मे वजन क्षाराचे आणि पाण्याचे असू शकते, आणि गंमत म्हणजे प्रमाणपत्रावर दोन्ही विधाने खरी असतात.

ऐरोलीकर

काका, आपण सांगितले तेच झाले होते. मी 1309 नेच गुणले होते, आणि कुपीही थेट फ्रीझरमधून काढून उघडली होती. काचेला चिकटलेल्या डिंकाचे वर्णन वाचून माझीच मला लाज वाटली.

पुरवठादाराकडून निव्वळ प्रमाण मागवले, ते 55 टक्के निघाले. नवी कुपी फोडून, हिशोब दुरुस्त करून पुन्हा प्रयोग केला. या खेपेस पेशी जिवंत पाहिल्या आणि रंग प्लाझ्मिडला लावला होता. केंद्रक काळेच राहिले. केंद्रकाच्या एका बाजूला, पेशीद्रवात, ठिपक्यांचा पुंजका दिसतो आणि काही मोठे ढेकूळ पेशीच्या बाहेरच्या पटलावर बसलेले दिसतात. हेपॅरिनने धुतल्यावर ढेकळे बरीच कमी झाली. जीएफपी आधीपेक्षा थोडा वाढला, तरी कप्प्यात वीस-पंचवीस पेशींच्या पुढे गेला नाही. क्लोरोक्विनच्या कप्प्यात मात्र फरक नजरेत भरण्यासारखा होता. प्रत्येक दृश्यक्षेत्रात हिरव्या पेशी दिसल्या, जरी बऱ्याच पेशी मेल्याही होत्या.

म्हणजे डीएनए आत जातो आणि पिशवीत अडकतो, असे मी समजते. मग आता हिस्टिडीनच घ्यावे ना?

कोपरखैरण्याहून

माझी पीएच.डी. याच विषयातील असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

केंद्रकसंकेताचा विचार आपण सध्या बाजूला ठेवावा. हेला पेशी भराभर विभाजित होतात, आणि विभाजनाच्या वेळी केंद्रकपटल विरघळते, तेव्हा पेशीद्रवात असलेल्या प्लाझ्मिडला आत जाण्याची संधी मिळते. विभाजन न होणाऱ्या पेशींवर काम करायचे असते तर प्रश्न वेगळा होता. शिवाय एसव्ही40 विषाणूवरून घेतलेला प्रचलित संकेतक्रम हा स्वतःच लायसिन-आर्जिनीनने भरलेला असल्यामुळे तो डीएनएलाच चिकटून झाकला जातो, आणि फरक दिसला तरी तो संकेतामुळे की केवळ वाढलेल्या धनभारामुळे, हे सांगणे कठीण होऊन बसते.

स्टिअरिक आम्लाच्या बाजूने पुरावा चांगला आहे. जपानमध्ये शिरोह फुताकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवले की आर्जिनीनयुक्त पेप्टाइडांना 18 कार्बनांची ही शेपूट लावली की प्लाझ्मिडचे ट्रान्सफेक्शन (पेशीत शिरून जनुक कामाला लागणे) लक्षणीय वाढते. पुढे उलो लांगेल यांच्या गटाने ट्रान्सपोर्टान 10 या पेप्टाइडला तीच शेपूट लावली, त्यातील काही लायसिन बदलून ऑर्निथीन घातले आणि पेपफेक्ट 14 तयार केले. या शेपटीचा फायदा दुहेरी आहे. आठ आर्जिनीन आणि डीएनए हे केवळ विद्युतभाराने धरलेले असतात, त्यामुळे माध्यमातील क्षार, सीरममधील प्रथिने आणि पेशीपृष्ठावरील हेपॅरान सल्फेट हे सारेच ती पकड सैल करतात. मेदाच्या शेपट्या एकमेकींत गुंतल्या की कण घट्ट होतो. दुसरे असे की एंडोसोममध्ये गेल्यावर ही शेपूट पटलात रुतते आणि पटल अस्थिर करायला मदत करते.

हिस्टिडीनचे तत्त्व वेगळे आहे. त्याच्या इमिडाझोल वलयाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो, 6 च्या आसपास असतो. माध्यमाच्या 7.4 पीएचला ते जवळजवळ भाररहित असते. एंडोसोम परिपक्व होताना आतला पीएच 6.5 वरून 5.5 पर्यंत उतरतो, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, तर 5 च्याही खाली जातो, आणि त्या वाटेवर हिस्टिडीन प्रोटॉन घेऊन धनभारित होते. पॉलिलायसिनला, म्हणजे नुसत्या लायसिनांच्या लांब साखळीला, हा गुण नाही, म्हणूनच ते क्लोरोक्विनविना फारसे काम करत नाही, आणि त्याला हिस्टिडीन जोडले की क्लोरोक्विनची गरज उरत नाही, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले होते. आर्जिनीनचा पीकेए 12 च्या वर असल्यामुळे आपले पेप्टाइडही या बाबतीत पॉलिलायसिनच्याच पंक्तीत बसते. आपल्याला क्लोरोक्विनने दाखवले ते हेच.

मात्र हिस्टिडीन प्रोटॉन शोषते, मग क्लोराइड आणि पाणी आत येऊन पिशवी फुटते, हे "प्रोटॉन स्पंज"चे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात दिसते तितके निर्विवाद नाही. पॉलिइथिलिनइमिन या डीएनए वाहून नेणाऱ्या धनभारित पॉलिमरच्या बाबतीत ते मांडले गेले 1990 च्या दशकात, आणि 2013 मध्ये मोजमाप केले असता त्याच्यामुळे लायसोसोमचा पीएच बदलत नसल्याचे आढळले. एलएएच4 सारख्या हिस्टिडीनयुक्त पेप्टाइडांत महत्त्वाचे दिसते ते वेगळेच. पीएच उतरल्यावर पेप्टाइड डीएनएपासून काही प्रमाणात सुटते आणि पटलावर आडवे पडून ते बिघडवते. त्यासाठी साखळीत ल्युसिन-ॲलानिनसारखी जलविरोधी अमिनो आम्लेही लागतात. नुसत्या आर्जिनीनांना नुसती हिस्टिडीने जोडून तो परिणाम पूर्णपणे मिळेल असे मी म्हणणार नाही. म्हणून माझा कौल स्टिअरिल शेपूट अधिक हिस्टिडीन, दोन्ही एकत्र, असा आहे.

ढेकळांबद्दल एक सूचना. संयुग फॉस्फेट बफरमध्ये किंवा थेट माध्यमात बनवत असाल तर तसे करू नका. क्षारांमुळे कणांवरचा भार झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटून वाढत जातात. 5 टक्के ग्लुकोजच्या द्रावणात दोन्ही वेगवेगळे पातळ करा, पेप्टाइड डीएनएमध्ये एकदम ओता, लगेच ढवळा, अर्धा तास ठेवा आणि मग पेशींवर द्या. कणांचा आकार मोजण्याची सोय असेल तर 100 ते 200 नॅनोमीटरच्या आसपास तो यायला हवा.

नौपाड्याचे काका

कोपरखैरण्याच्या साहेबांचे म्हणणे मान्य, पण दोन्ही बदल एकत्र करून मागवले आणि जीएफपी वाढला, तर प्रबंधात काय लिहिणार? शेपटीने वाढला की हिस्टिडीनने? तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

यावर एक जुनी युक्ती आहे. घनाधारावर साखळी अमाइडच्या टोकाकडून वाढवत नेतात, म्हणजे तुझी आठ आर्जिनीने आधी रेझिनवर चढतील. हेच काम वेळखाऊ आहे, कारण लागोपाठच्या आर्जिनीनांना जोडताना प्रत्येकाची जोडणी दोनदा करावी लागते. बनवणाऱ्याला सांग की आठ आर्जिनीने चढली की रेझिनचे दोन भाग कर. एका भागाला सरळ स्टिअरिक आम्ल लाव. दुसऱ्याला आधी चार हिस्टिडीने आणि मग स्टिअरिक आम्ल. संश्लेषण जवळजवळ एकच, पेप्टाइडे दोन. खर्च वाढेल तो शुद्धीकरणाचा. बिनशेपटीचे पेप्टाइड तुझ्याकडे आहेच, म्हणजे तुलनेची पायरी पूर्ण होते.

माल आल्यावर वस्तुमान-वर्णपट नीट वाच. शेपटीवाल्या आठ आर्जिनीनांचा रेणूभार 1533 यायला हवा. 1377 ला शिखर दिसले तर एक आर्जिनीन गळाले आहे. 1785 ला दिसले तर एका आर्जिनीनवरचा संरक्षक गट निघालेला नाही. लागोपाठ आठ आर्जिनीनांत तो काढायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो आणि घाई करणारे इथेच फसतात. हिस्टिडीनवाल्याचा रेणूभार सुमारे 2082 असेल.

आणि क्षार ॲसेटेट किंवा क्लोराइडमध्ये बदलून दे, असे मागणीपत्रातच लिहून टाक. न बदलल्यास हिस्टिडीनवाल्यात बारा रेणू आम्लाचे बसतील, मग पुन्हा तोच हिशोब. एन/पी काढताना मात्र हिस्टिडीने मोजू नकोस. 7.4 ला ती भाररहित असतात, असे वर लिहिलेच आहे. दोन्ही पेप्टाइडांत धनभार आठच धर.

खारघरची पेशीशाळा

रेझिन विभागण्याची कल्पना उत्तम आहे. त्यात माझी एवढीच भर. शेपटीवाली पेप्टाइडे पेशींना अधिक जाचक असतात, म्हणून डीएनएविना नुसत्या पेप्टाइडचा एक कप्पा प्रत्येक मात्रेला ठेवावा. आणि सर्व प्रयोग सीरम नसलेल्या माध्यमातच करत असाल, तर एकदा 10 टक्के सीरमसह करून पाहा. शेपटीचा खरा फायदा तिथेच दिसायला हवा.

ऐरोलीकर

पुरवठादाराशी बोलले. आधी त्यांनी असे करत नाही म्हणून सांगितले, मग त्यांच्या संश्लेषण विभागातील बाईंशी फोन जोडून दिला. त्या म्हणाल्या, रेझिन विभागून देऊ, पण शुद्धीकरणाचे पैसे दोनदा लागतील, आणि शेपटीवाल्यासाठी शुद्धीकरणाच्या नेहमीच्या सी18 स्तंभाऐवजी कमी चिकटवून धरणारा सी4 स्तंभ वापरावा लागेल, कारण सी18 वरून ते उतरतच नाही. मार्गदर्शकांनी फ्लुओरेसीनवाल्या पेप्टाइडची दुसरी खेप रद्द करून ते पैसे इकडे वळवले आहेत. क्षार क्लोराइडचा मागितला आहे. कुप्या यायला पाच आठवडे लागतील. तोपर्यंत ग्लुकोजमध्ये संयुग बनवून जुन्या पेप्टाइडचे सीरमसह आणि सीरमविना असे दोन्ही प्रयोग उरकून घेते, आणि डेसिकेटरमधील सिलिका जेल ओलाव्याने गुलाबी पडले होते, ते आज भट्टीत सुकवायला टाकले आहे.